अनुभव : घरी रंगलेली पोकरची रात्र

जर्सीचा_जयू
काल माळा आवरताना पोकरच्या चिप्सची पेटी सापडली आणि न्यू जर्सीतल्या एडिसनला मित्राच्या बेसमेंटमध्ये व्हायचा तो शनिवारचा डाव आठवला. तुमच्याकडेही असे अनुभव असणार, लिहा.

आमचा कॅश गेम असायचा, २० डॉलरचा बाय-इन (म्हणजे बसताना तेवढ्याच्या चिप्स घ्यायच्या) आणि ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघायच्या आधी दोघांनी लावायची रक्कम, २५ नि ५० सेंट. घरच्या मित्राचे नियम कडक होते आणि मला तेच आवडायचं. उधारी नाही, संपल्यावर पुन्हा चिप्स विकत घ्यायच्या तर दोनदाच, साडेबाराला शेवटचा डाव मग कोणी कितीही हरत असो, आणि हिशेब टेबलावरून उठायच्या आधी. त्यामुळे इतकी वर्षं खेळून कोणाचं कोणाशी वाजलं नाही.

एका हिवाळ्यात त्याची आई साताऱ्याहून आली होती. बाहेर बर्फ, काकूंना कंटाळा आला म्हणून त्याही बसल्या. आयुष्यभर रमी आणि बदाम सात खेळलेल्या बाई, दोनच पत्ते असले तरी पंख्यासारखे धरायच्या. तासाभरात सगळं कळलं त्यांना. एका डावात फ्लॉपला, म्हणजे टेबलावर सगळ्यांसाठी उघडलेल्या पहिल्या तीन पत्त्यांत, राणी, सत्ती, दुर्री. काकूंकडे एक्का-राणी. माझ्या शेजारच्याने पैसे वाढवले तर काकूंनी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि पत्ते टाकून दिले. त्याच्याकडे सत्तीची जोडी होती, म्हणजे तीन सत्त्या झालेल्या! आम्ही विचारलं, काकू कसं ओळखलंत? तर म्हणाल्या, "अरे, पाणी प्यायला ग्लास उचलला होता ना त्याने, पत्ते पडले आणि ग्लास तसाच हातात राहिला."

मीनल_ठाणे
काकू ग्रेट!! 🙏 आमच्या सासूबाई पण अशाच, तीन पत्तीत पत्ते न बघता चाल खेळत राहतात आणि समोरचे एकेक करून पॅक. आमच्याकडे दिवाळीला चिंचोक्यांवर खेळतात, पैसे नाहीत.

किलवर_दश्शी
हातात जोडी असताना फ्लॉपला तसाच तिसरा पत्ता यायचं प्रमाण साधारण साडेआठात एक, म्हणजे तो माणूस ग्लास विसरला त्यात नवल नाही. एक्क्यांची जोडी तर २२१ हातांत एकदा. मी पुण्यात ऑफिसच्या ग्रुपबरोबर खेळतो, पहिले तास-दीड तास नुसते पत्ते टाकत बसावं लागतं आणि नवीन माणसाला तेच जमत नाही

सुलभा७
कॅश गेम म्हणजे काय पण? पैसे लावून तो कॅश ना?

किलवर_दश्शी
टूर्नामेंटमध्ये ब्लाइंड वाढत जातात आणि चिप्स संपल्या की बाहेर. कॅशमध्ये चिप म्हणजे तेवढे पैसेच, ब्लाइंड तेच राहतात, वाटेल तेव्हा उठता येतं. आणि तीन पत्तीवाल्यांनी लक्षात ठेवा, तिथे सिक्वेन्स (ओळीने पत्ते) कलरच्या (सगळे एकाच जातीचे) वर असतो, पोकरमध्ये उलटं. यावरून आमच्याकडे दर वेळी वाद 😀

मीनल_ठाणे
उलटं का पण?

किलवर_दश्शी
जे कमी वेळा येतं ते वरचं. तीन पत्त्यांत सिक्वेन्स दुर्मिळ, पाच पत्त्यांत कलर.

अनामिक_वाचक
सगळ्यांचं वाचून छान वाटलं पण मला लिहावंसं वाटतंय. भाऊ मोबाईलवर रमी आणि पोकर खेळायचा, आधी शंभर दोनशे, मग पगार, मग आईच्या पाटल्या. रात्री बाथरूममध्ये नळ सोडून खेळायचा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायदा येऊन पैशांचे ऑनलाइन गेम बंद झाले तेव्हा आई देवापुढे रडली. जयूदादा, तुमच्या त्या मित्राचा साडेबाराचा नियम वाचला आणि वाटलं, फोनला कोणी साडेबारा वाजवतच नाही ना.

जर्सीचा_जयू
ताई, वाईट वाटलं वाचून. भाऊ कसा आहे आता?

अनामिक_वाचक
बरा आहे. नोकरी टिकली. हप्ते चालू आहेत अजून.

मीनल_ठाणे
💛 आईला जपा.

सावंतवाडीकर
घरमालकाने डावातून स्वतःसाठी नाल, म्हणजे आपला हिस्सा, काढली की तो घरचा खेळ राहत नाही, आपल्याकडचा जुगाराचा कायदा १८८७ चा आहे त्यातही अड्डा म्हणजे काय ते मालकाच्या फायद्यावरच ठरतं. आमचे आजोबा गणपतीच्या जागरणाला पैशाला हात लावू देत नसत. बाकी पत्त्यांचा विषय निघालाच आहे तर आमच्याकडची गंजिफा बघायला या, हाताने रंगवलेले गोल पत्ते, दशावतारी संचात १२० असतात, प्रत्येक अवताराचे १२.

सुलभा७
गोल पत्ते पिसतात कसे?

सावंतवाडीकर
कापडावर पालथे पसरून हाताने फिरवायचे.

मीनल_ठाणे
जयू, डावाला खायला काय असायचं ते राहिलंच

जर्सीचा_जयू
चिवडा बंद होता, तेलकट बोटांनी पत्ते खराब होतात म्हणून! काकू गेल्यापासून मात्र, म्हणजे साताऱ्याला परत गेल्यापासून, मधल्या सुट्टीत थालीपीठ सुरू झालं, पीठ पाठवायच्या त्या.

सुलभा७
अहो काळजात धस्स झालं, नीट लिहा 😅 भाजणीचं का?