मदत हवी आहे : मादाम ब्लाव्हाट्स्कींच्या हस्ताक्षराचे नमुने

थिऑसॉफिकल सोसायटी या गूढविद्येच्या संस्थेच्या संस्थापिका ब्लाव्हाट्स्की यांच्यावरचा बनावटगिरीचा मोठा आरोप हस्ताक्षरावर उभा आहे. अतींद्रिय दाव्यांची तपासणी करणाऱ्या एका ब्रिटिश संस्थेच्या 1885 च्या अहवालात तपासनीस रिचर्ड हॉजसन यांनी महात्म्यांची, म्हणजे अदृश्य गुरूंनी पाठवल्याचं सांगितलं जाणारी, बरीचशी पत्रे ब्लाव्हाट्स्कींच्याच हातची ठरवली. 1986 मध्ये बनावट कागदपत्रांचे तज्ज्ञ व्हर्नन हॅरिसन यांनी ती तपासणी पक्षपाती म्हटली. माझ्या मते हॅरिसन यांची टीका रास्त आहे, पण अड्यारच्या (मद्रासमधलं सोसायटीचं नंतरचं मुख्यालय) कपाटामागच्या सरकत्या फळ्यांचा, म्हणजे तिथून पत्रे गुपचूप आत ठेवली जात या संशयाचा, वाद तिने मिटत नाही.

महात्म्यांची पत्रे ब्रिटिश लायब्ररीत आहेत. अड्यारला कामाला असलेल्या एमा कुलोंब यांनी ब्लाव्हाट्स्कींची म्हणून उघड केलेल्या पत्रांचा मात्र छापील मजकूरच हाती येतो, त्यावरून अक्षर पारखता येत नाही.

सोसायटीचं ठाणं 1879 ते 1882 मुंबईत होतं. त्या काळातली, तारीख असलेली ब्लाव्हाट्स्कींची मूळ पत्रं मुंबईत कुठे पाहता येतील? अक्षर वयाबरोबर बदलतं, म्हणून तुलनेला त्याच वर्षांतली हवीत.