जुने वापरकर्ते सांभाळून फ्रेमवर्कची नवी आवृत्ती कशी काढावी?

प्रश्न (दादर)

नमस्कार. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या देखभाल बिलांचे आणि पावत्यांचे प्रोग्रॅम ज्याच्या आधारे लिहिता येतात, असे एक छोटे ओपन सोर्स फ्रेमवर्क आम्ही काही जण मुंबईतून सांभाळतो. ते पायथन ही प्रोग्रॅमिंग भाषा आणि तिच्यातले वेब फ्रेमवर्क जँगो यांवर उभे आहे. सभासदांची यादी देणारे त्यातले फंक्शन सदनिकांचे क्रमांक अक्षरक्रमाने लावते, त्यामुळे ‘ए-१०’ ही सदनिका ‘ए-२’च्या आधी येते. नव्याने जोडल्या गेलेल्या एका सहकाऱ्याने हा क्रम सुधारणारी पुल रिक्वेस्ट (कोडमधील बदलाचा प्रस्ताव) पाठवली असून कोड म्हणून ती बिनचूक आहे. अडचण अशी, की अनेक संस्थांचे पावती क्रमांक याच यादीच्या क्रमावरून तयार होतात. क्रम बदलला, की मागच्या तिमाहीची पावती पुन्हा छापताना तिच्यावर वेगळाच क्रमांक येईल. यादी अमुक क्रमाने मिळेल, असे आम्ही माहितीपुस्तिकेत कधीच लिहिलेले नव्हते. मग तो क्रम बदलायला आम्ही मोकळे आहोत का? शिवाय तारीख मजकुराच्या रूपात स्वीकारण्याची जुनी सोयही आम्हाला काढून टाकायची आहे. जुन्या वापरकर्त्यांसाठी किती काळ थांबावे?

उत्तर (मुलुंड)

माहितीपुस्तिकेत लिहिले नव्हते, एवढ्यावरून आपण मोकळे होत नाही. हायरम राइट या अभियंत्याच्या नावाने ओळखला जाणारा नियम हेच सांगतो: वापरकर्ते पुरेसे झाले, की आपण काय कबूल केले होते याला महत्त्व उरत नाही, प्रणालीच्या वागण्यात जे जे दिसते, त्या प्रत्येकावर कोणी ना कोणी विसंबलेले असते. संकेतस्थळांसाठी वापरल्या जाणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेच्या बाबतीत २०१८ मध्ये असेच घडले. ॲरेसाठी (मूल्यांच्या यादीसाठी) ‘फ्लॅटन’ नावाची नवी सोय प्रमाणित भाषेत येणार होती, परंतु मूटूल्स या जुन्या लायब्ररीने (तयार कोडच्या संचाने) त्याच नावाची आपली सोय आधीच बसवलेली असल्याने ती वापरणारी संकेतस्थळे मोडू लागली. मूटूल्सचा भर तोवर ओसरला होता, तरीही माघार प्रमाणित भाषेनेच घेतली आणि ती सोय ‘फ्लॅट’ या नावाने आली. ज्यांनी ती संकेतस्थळे कधीकाळी बांधून दिली, त्यांतील बहुतेकांना या वादाची गंधवार्ताही नसेल, आणि म्हणूनच मला तो निर्णय योग्य वाटतो. आपले जुने वापरकर्ते चर्चेला येत नाहीत. बिले निघेनाशी झाली म्हणजेच त्यांचा फोन येतो.

आपल्यासाठी नमुना जँगोतच आहे. प्राथमिक की (डेटाबेसमधील प्रत्येक नोंदीचा ओळखक्रमांक) मोठ्या पूर्णांकाची असावी, असे ३.२ आवृत्तीत ठरले, तेव्हा नव्या प्रकल्पाच्या सेटिंग्ज फाइलमध्ये ती नोंद आपोआप येऊ लागली. जुन्या प्रकल्पांचे वागणे मात्र तसेच राहिले आणि त्यांना केवळ इशारा दिसू लागला. गो भाषेच्या १.२२ आवृत्तीत लूपमधील (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या कोडमधील) चलाचा अर्थ बदलला, तोही ज्या मॉड्यूलने आपल्या फाइलमध्ये १.२२ किंवा त्यापुढची आवृत्ती नोंदवली असेल त्याच्यापुरताच. आपणही क्रमाची निवड सेटिंगवर सोपवावी: नव्या संस्थेला नवा क्रम, जुनीला जुना.

उत्तर (गोरेगाव)

सेटिंगचा मार्ग मला अपुरा वाटतो. अशी प्रत्येक सेटिंग वाढली, की चाचण्यांच्या जोड्या दुप्पट होतात, आणि तो भार विनामोबदला काम करणाऱ्या चार माणसांवर पडतो. येथे मूळ दोष क्रमात नसून पावती क्रमांक साठवला जात नाही, यात आहे. आधी एक डेटा मायग्रेशन (अपग्रेडच्या वेळी डेटाबेसमधील माहिती बदलणारे कोडचे काम) लिहा, जे जुन्या क्रमाने आजवरच्या सर्व पावत्यांचे क्रमांक काढून डेटाबेसमध्ये कायमचे नोंदवील. त्यानंतर यादी कोणत्याही क्रमाने आली तरी जुन्या पावतीला धक्का लागणार नाही. मात्र त्या मायग्रेशनमध्ये सध्याचे फंक्शन आयात करू नका, त्याची प्रत त्याच फाइलमध्ये ठेवा. नाहीतर उद्या फंक्शन सुधारल्यावर जी संस्था उशिरा अपग्रेड करील, तिच्या पावत्या नव्या क्रमाने गोठवल्या जातील आणि ते कोणाच्या लक्षातही येणार नाही.

तारखेबाबत सांगायचे, तर नुसता काळ वाढवून भागत नाही. जुन्या कोडशी न जुळणारे पायथन ३.० डिसेंबर २००८ मध्ये आले आणि २.७ चा आधार २०१५ मध्ये संपणार होता, तो २०२० पर्यंत वाढवावा लागला. या काळात लोकांच्या खऱ्या उपयोगी पडली ती ३.३ मधली एक बारीकशी माघार: युनिकोड (सर्व लिप्यांतील) मजकुरापुढचे ‘यू’ हे अक्षर ३.० मध्ये काढून टाकले होते, ते २०१२ मध्ये परत आणले गेले, आणि एकच कोड पायथन २ आणि ३ या दोन्हींवर चालवणे पुष्कळ सोपे झाले. तेव्हा मजकूर आणि तारखेचा ऑब्जेक्ट दोन्ही स्वीकारणारी एक आवृत्ती मध्ये असलीच पाहिजे. तिच्यात मजकूर दिल्यास इशारा द्यावा आणि पुढच्या मोठ्या आवृत्तीत ती सोय निःसंकोच काढावी.

प्रश्नकर्ता (दादर)

दोघांचेही मनापासून आभार. क्रमांक साठवण्याचा मार्ग आम्ही स्वीकारत आहोत. परंतु इशारा पाहणार कोण? पायथन डेप्रिकेशनचे (सोय पुढे काढली जाणार असल्याचे) इशारे सहसा दाखवतच नाही, आणि संस्थेच्या कार्यालयात बसलेल्या व्यवस्थापकाला सर्व्हरचा लॉग कोठे असतो, हेही ठाऊक नसते.

उत्तर (मुलुंड)

गोरेगावच्या उत्तरातील मायग्रेशन माझ्या सेटिंगपेक्षा सरस आहे, हे मान्य. इशाऱ्यासाठी दोन जागा वापरा. जँगोच्या सिस्टिम चेकमध्ये (प्रकल्पाच्या आपोआप होणाऱ्या तपासणीत) तो नोंदवला, तर जो कोणी मायग्रेट ही आज्ञा चालवील त्याला तो टर्मिनलवर दिसेलच. इंजिनीयर कंत्राटी असला, तरी तेवढे तो पाहतो. दुसरी जागा म्हणजे बिले तयार करण्याचे पान. तेथे साध्या मराठीत लिहा, की अमुक फाइलमधील अमुक ओळ पुढच्या आवृत्तीत चालणार नाही, हा मजकूर आपल्या तंत्रज्ञाला पाठवावा. सोबत फाइलचे नाव आणि ओळ क्रमांक असल्याखेरीज तो संदेश कोणाच्याही कामाचा नाही.

आणि वेळ जपा. ३१ मार्चला हिशेब बंद होतात, त्यानंतर लेखापरीक्षण आणि ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा. सोय काढून टाकणारी आवृत्ती ऑक्टोबरमध्ये काढा, म्हणजे काही बिघडलेच तर वर्षअखेरीपूर्वी दुरुस्तीला अवधी मिळेल.