बरणीत हिरवं दिसतंय, काय करू? (सोसायटी ग्रुप, रविवार सकाळ)

अपूर्वा, बी-२०४ : नमस्कार सगळ्यांना. धिंगरी मशरूमचं स्पॉन, म्हणजे बियाणं, यंदा घरीच करून बघतेय. ज्वारी उकडून बरण्यांत भरली, कुकरमध्ये वाफवली आणि वरून थोडं विकतचं स्पॉन विरजणासारखं टाकलं होतं. निम्म्या बरण्यांत हिरवी बुरशी आलीय, काही नुसत्याच चिकट झाल्यात. फोटो टाकलेत. शैलाकाकू, तुम्ही कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवायच्या ना, जरा बघाल का?

निनाद, सी-३०३ : वरून सॅनिटायझर फवार. खतम होईल बुरशी.

शैलाकाकू, ए-१०२ : निनाद, नको रे बाबा. फवाऱ्याच्या झोताने बीजाणू, म्हणजे बुरशीचं बारीक बी, उडतील आणि दाण्यांच्या आत शिरलेली बुरशी तशीच राहील. अपूर्वा बेटा, आधी एक कर, एकही बरणी उघडू नकोस. हिरवा रंग दिसतो तेव्हा बुरशीला बीजाणू धरलेले असतात. झाकण काढलं की खोलीभर होतील. आता मला सांग, हिरवं नेमकं कुठून सुरू झालं? आणि चिकट बरण्या कधी बिघडल्या?

अपूर्वा, बी-२०४ : हिरवं वरच्याच थरात आहे काकू, विकतचं स्पॉन टाकलं त्याच्या आजूबाजूला. चिकट झालेल्या दोन-तीन दिवसांतच गेल्या. दाणे ओले, काचेला चिकटलेले, आणि झाकणातल्या कापसाच्या बोळ्याजवळ आंबूस वास येतो.

शैलाकाकू, ए-१०२ : म्हणजे आजार दोन आहेत आणि दोघांची वाट वेगळी आहे.

चिकट बरण्या बॅक्टेरियाच्या, बहुतेक बॅसिलस. त्याचे बीजाणू १०० अंशांच्या उकळत्या पाण्यात तग धरतात. त्यांना १२१ अंश लागतात आणि ते वाफेच्या दाबाशिवाय मिळत नाहीत. घरच्या कुकरची शिट्टी साधारण १५ पौंडांच्या दाबाला उचलली जाते, म्हणजे कुकर पुरतो. पण वेळ द्यावा लागतो. तू किती दिलास?

अपूर्वा, बी-२०४ : पंधरा-वीस मिनिटं. एका व्हिडिओत तेवढंच सांगितलं होतं.

शैलाकाकू, ए-१०२ : ते अगारसाठी, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवायच्या जेलीसाठी असेल. परीक्षानळीतलं थोडंसं माध्यम लगेच तापतं. गच्च भरलेल्या ज्वारीच्या मधोमध उष्णता पोहोचायलाच वेळ लागतो. लहान बरणीला शिट्टी झाल्यापासून दीड तास धर. आच इतकी मंद ठेव की दाब टिकेल पण शिट्टी सारखी वाजणार नाही, नाहीतर पाणी आटेल. कुकर गॅसवर असताना घराबाहेर जायचं नाही. बरण्या जाळीवर ठेव, दोन-तृतीयांशच भर, कापसाच्या बोळ्यावर फॉइल बांध म्हणजे बोळा भिजणार नाही.

ज्वारी आदल्या रात्री भिजत घातली होतीस का? ते चुकवू नकोस. ओल मिळाली की बॅसिलसचे बरेचसे बीजाणू रुजायला लागतात, आणि रुजलेला बीजाणू उष्णतेला फार लवकर मरतो. मग दाणा बोटाने दाबला जाईल इतकाच शिजव, फुटू देऊ नकोस. सुती कापडावर पसरून वरचं पाणी पूर्ण सुकव. मूठभर दाणे टिश्यू पेपरवर ठेवून बघ. कागद ओला झाला तर अजून थांब. फुटलेला, ओला दाणा म्हणजे बॅक्टेरियाला आयतं जेवण. शेवटी थोडं जिप्सम चोळलं की दाणे एकमेकांना चिकटत नाहीत.

सुनंदाताई, बी-२०४ : शैलाताई, म्हणजे माझा कुकर दीड तास गुंतणार! वरण-भात कशात लावू जी? 😊

शैलाकाकू, ए-१०२ : सुनंदा, तिला एक जुना मोठा कुकर वेगळाच काढून दे. बिघडलेल्या बरण्याही त्यातच जातील, स्वयंपाकाच्या कुकरमध्ये त्या नकोतच.

आता हिरवं. दाण्यातच बुरशी जिवंत राहिली असती तर ती बरणीत कुठेही, तळाशीसुद्धा उगवली असती. तुझी वरूनच सुरू झालीय. म्हणजे स्पॉन टाकताना हवेतून पडली किंवा विकतच्या स्पॉनमधूनच आली. कुठे बसून टाकलंस?

अपूर्वा, बी-२०४ : गच्चीवरच्या खोलीत. उकडत होतं म्हणून कूलर चालू होता.

शैलाकाकू, ए-१०२ : कूलर! बेटा, उन्हाळाभर चाललेल्या कूलरच्या ओल्या गवतात काय काय वाढलेलं असतं, आणि तो ते थेट तुझ्या बरणीच्या तोंडावर फेकत होता. या कामाला वारा अजिबात नको. पंखा बंद, खिडकी बंद. ऑक्टोबरची गर्मी आहे, घाम येईल, पण अर्ध्या तासाचंच काम आहे. पहाटे कर.

प्लास्टिकचा मोठा पारदर्शक डबा घे, कपडे ठेवतो तसला. आडवा करून बाजूला हात जातील एवढी दोन भोकं पाड. आतून ७० टक्के स्पिरिटने पूस. शुद्ध अल्कोहोल कडक म्हणून चांगलं, असं वाटतं, पण तसं नाही. पाणी मिसळलेलं असलं तरच ते जंतूवर नीट काम करतं, आणि लवकर उडूनही जात नाही. पुसल्यावर दहा-पंधरा मिनिटं हात लावू नकोस, आतली धूळ खाली बसू दे. मग हात सावकाश हलव. बरणीचं तोंड वर आ वासून ठेवायचं नाही, तिरपं धरायचं, क्षणभर उघडायचं.

आणि डब्यात मेणबत्ती किंवा ज्योत कधीच नेऊ नकोस. स्पिरिटच्या वाफेचा भडका होतो, हात भाजतात. चमचा फॉइलमध्ये गुंडाळून बरण्यांसोबतच कुकरमध्ये घाल.

निनाद, सी-३०३ : काकू, मग पांढरी आहे तोवर बरणी चांगली समजायची का?

शैलाकाकू, ए-१०२ : नाही ना. हिरवी ट्रायकोडर्मा सुरुवातीला पांढरीच असते. धिंगरीचे धागे दोरीसारखे पसरतात, ही भराभर दाट होते आणि मग एकदम हिरवी पडते. म्हणून रोज बघायचं, बाहेरूनच. नारिंगी दिसलं तर बरणी त्याच दिवशी बाहेर, ती बुरशी बोळ्यातूनसुद्धा पसरते.

भाऊकाका, बी-४०१ : ट्रायकोडर्मा म्हणालात का मॅडम? आमच्या काटोलच्या वावरात हरभरा पेरायचा आहे. मर रोग लागू नये म्हणून बियाण्याला ट्रायकोडर्माची भुकटी चोळून गच्चीवरच सावलीत सुकवलं मी. उरलेली थैली त्याच खोलीत ठेवली आहे.

अपूर्वा, बी-२०४ : 😳

शैलाकाकू, ए-१०२ : भाऊ, तुमचं काम अगदी बरोबर आहे. ही बुरशी दुसऱ्या बुरशीला खाते म्हणूनच ती हरभऱ्याला वाचवते. धिंगरीही बुरशीच, तर तिलाही सोडत नाही. तुमच्याच थैलीतली या बरण्यांत आली असं ठामपणे सांगता येणार नाही, ती मातीत, कुटारात सगळीकडेच असते. पण थैली तिथून हलवाच.

भाऊकाका, बी-४०१ : आत्ताच खाली गाडीत टाकतो. खोली ओल्या फडक्याने पुसून देतो.

शैलाकाकू, ए-१०२ : झाडू मारू नका हं, ओलंच पुसा. आणि ज्या घरी दिवाळीची साफसफाई, भिंती खरवडणं चाललंय, तिथे त्या आठवड्यात स्पॉनचं काम नको.

मीनाताई, ए-३०१ (सचिव) : माझी काळजी वेगळी आहे. चिनूला दमा आहे, आणि आमचं दार जिन्यालाच आहे. त्या बरण्या ओल्या कचऱ्यात गेल्या तर?

शैलाकाकू, ए-१०२ : मीना, काळजी रास्त आहे. बिघडलेली बरणी न उघडता आधी कुकरमधून काढायची, थंड झाली की मगच रिकामी करायची. मेलेले बीजाणूही दम्याला चांगले नाहीत, म्हणून दाणे ओलेच पिशवीत बांधायचे आणि हे काम गच्चीवर, मास्क लावून. आणखी एक. चांगली धिंगरीसुद्धा पिकली की भरपूर बीजाणू सोडते, रोज तिच्यात काम करणाऱ्यांना त्याचा खोकला लागतो. टोपीची कड वर वळायच्या आत तोडायची. झोपायच्या खोलीत मशरूमचा बेड, म्हणजे स्पॉन घातलेली तणसाची पिशवी, ठेवायचा नाही. चिनू गच्चीवरच्या खोलीत जाऊ नये, एवढं तू सांभाळ.

मीनाताई, ए-३०१ (सचिव) : चालेल. खोलीला कुलूप लावू, किल्ली अपूर्वाकडे.

अपूर्वा, बी-२०४ : काकू, हिरवं तेवढं काढून खालचे पांढरे दाणे तणसात वापरले तर?

शैलाकाकू, ए-१०२ : अजिबात नाही. धागे दिसायच्या आधीच खाली गेलेले असतात. एका बरणीतून दहा बेडं भरशील आणि दहाही जातील. तणस वाया, मेहनत वाया.

अपूर्वा, बी-२०४ : आणि विकतचं स्पॉनच खराब असेल तर? ते कसं कळणार?

शैलाकाकू, ए-१०२ : हा प्रश्न चांगला विचारलास. पुढच्या खेपेला दोन बरण्या जास्तीच्या कर. एक कुकरमधून काढून तशीच ठेव, उघडूच नकोस. दुसरी डब्यात नेऊन उघड, चमचा फिरव, पण स्पॉन न घालता बंद कर. पहिली बिघडली तर कुकर कमी पडला. पहिली चांगली आणि दुसरी बिघडली तर हवा किंवा हात. दोन्ही स्वच्छ राहिल्या आणि स्पॉनवाल्याच तेवढ्या हिरव्या झाल्या, तर दुकानदाराला फोटो दाखव आणि स्पॉन दुसरीकडून घे. बरण्यांवर तारीख आणि खूण लिही, झाकणावर नको, काचेवर. झाकणं बदलली जातात.

भाऊकाका, बी-४०१ : पोरी, जिप्सम पाहिजे असेल तर वावरात आहे. किलोभर आणून देतो.

अपूर्वा, बी-२०४ : हो काका, चालेल. थैलीसोबत नका ठेवू फक्त 🙏