एटीएमवर वडिलांचे कार्ड बदलले गेले. बँक निष्काळजीपणा म्हणते. मदत हवी आहे

नमस्कार,

माझे वडील ७२ वर्षांचे निवृत्त शिक्षक असून सांगलीत राहतात. गेल्या शुक्रवारी संध्याकाळी ते विश्रामबागेतील एका एटीएमवर निवृत्तिवेतनाचे पैसे काढण्यासाठी गेले होते. यंत्राने कार्ड दोनदा नाकारल्यावर मागे उभ्या असलेल्या तरुणाने "काका, चिप पुसून घालावी लागते" असे म्हणत कार्ड हातात घेतले, शर्टाला पुसले आणि स्वतःच यंत्रात घातले. वडिलांनी पिन टाकला, तो चुकीचा असल्याचा संदेश पडद्यावर आला, आणि यंत्रातच बिघाड असावा असे समजून ते घरी परतले. घरी आणलेले कार्ड त्याच बँकेचे, त्याच निळ्या रंगाचे आणि कडेला तितकेच झिजलेले होते. फक्त त्यावरचे नाव भलत्याच माणसाचे होते, आणि वाचायचा चष्मा सोबत नसल्याने ते त्यांच्या लक्षात आले नाही.

त्या रात्री दहा-दहा हजार दोनदा आणि बारा वाजून गेल्यावर, म्हणजे दिवसाची मर्यादा नव्याने सुरू होताच, पुन्हा दोनदा असे एकूण ४०,००० रुपये काढले गेले. संदेश मोबाइलवर आले होते, पण वडिलांनी ते रविवारी रात्री पाहिले. कार्ड बंद करण्याची दूरध्वनी सेवा चोवीस तास चालू असते हे त्यांना ठाऊक नव्हते (खरे सांगायचे तर मलाही तो क्रमांक शोधावा लागला असता). सोमवारी शाखा उघडताच कार्ड बंद केले, लेखी तक्रार देऊन आवक शिक्का घेतला आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावरही नोंद केली. शाखेतून तोंडी उत्तर मिळाले की पिनशिवाय पैसे निघत नाहीत, त्यामुळे हा खातेदाराचाच निष्काळजीपणा ठरतो.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकाचे दायित्व शून्य, म्हणजे नुकसान त्याला सोसावे लागत नाही, असे मी वाचले आहे. मात्र पिन स्वतःहून सांगणे आणि मागे उभ्या असलेल्या माणसाने तो चोरून पाहणे या दोन्ही गोष्टी बँकेला सारख्याच मानता येतात का, आणि मधला दुसरा शनिवार व रविवार या मुदतीत धरला जातो का, हे समजत नाही. आईचे खाते दुसऱ्या बँकेत आहे. तिच्या कार्डासाठी काय करून ठेवावे, हेही जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद (निवृत्त बँक कर्मचारी, मिरज)

मुदत शाखेच्या कामकाजाच्या दिवसांवर मोजतात आणि संदेश मिळाल्याचा दिवस वगळतात, त्यामुळे आपला सोमवार हा पहिलाच दिवस ठरतो. मात्र शून्य दायित्व ग्राहकाची चूक नसेल तेव्हाच लागू होते. निष्काळजीपणामुळे नुकसान झाले असे ठरले, तर कळवण्यापूर्वीची रक्कम ग्राहकाला सोसावी लागते. आपला सगळा वाद या एका शब्दावर आहे. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार त्याच परिपत्रकाने बँकेवर टाकला आहे, म्हणून तोंडी उत्तर मानू नका; कोणत्या पुराव्यावरून निष्काळजीपणा ठरवला, हे लेखी मागा. दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम खात्यात तात्पुरती जमा करणे आणि ९० दिवसांत निकाल देणे या मुदतींचा अर्जात उल्लेख करा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

अर्जात घडले तेवढेच लिहा. "त्याने मदत केली" एवढे मोघम वाक्य आपल्याच विरुद्ध वाचले जाईल. पिन वडिलांनी स्वतः दाबला व कोणालाही सांगितला नाही, हे स्पष्ट लिहा. ज्या एटीएमवर कार्ड बदलले आणि ज्यांवर पैसे निघाले, त्या सगळ्यांचे सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याची विनंती आजच बँकेला आणि पोलिसांना करा, कारण ठरावीक काळानंतर ते पुसले जाते. आणखी एक महत्त्वाची गोष्ट: हाती आलेले कार्ड बहुधा याच टोळीने आधी फसवलेल्या कुणाचे तरी असेल. ते बँकेत परत करू नका, तपास अधिकाऱ्याकडे देऊन पोच घ्या.

आईच्या कार्डावरील ऑनलाइन, परदेशी आणि पिनविना टॅप करून चालणारे व्यवहार बँकेच्या ॲपमधून किंवा शाखेत सांगून बंद करता येतात. टॅपने एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत पिन न मागता जाऊ शकतात. एटीएमची रोजची मर्यादाही गरजेपुरती खाली आणावी, म्हणजे मध्यरात्री दुसऱ्यांदा मोठी रक्कम निघणार नाही.

धागाकर्ता

मनापासून आभार. ते कार्ड वडील रागाने कात्रीने कापायला निघाले होते. आता पाकिटात घालून ठेवले आहे. उद्या सकाळी ते घेऊन पोलीस ठाण्यात जातो आणि तिथूनच शाखेत लेखी अर्ज देतो. पोच मिळाली की इथे कळवीन.