मदत हवी आहे: पोरीचा रंग आणि सासूबाईंची ट्यूब

पोरगी नववीत, रोज मैदानावर खो-खो. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ वर, रंग रापणारच ना! पण सासूबाईंचं एकच, "कशी काळी पडून राहिली पोरगी!" त्यांनी मेडिकलमधून गोरं करणारी ट्यूब आणली. त्यावर मोमेटासोन लिहिलंय, म्हणजे स्टेरॉइड. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय चेहऱ्याला फासलं तर कातडी पातळ होते. मी लपवून ठेवली आहे. (तिकडे जर्मनीतले गोरे सुटी काढून स्पेनच्या किनाऱ्यावर उन्हात पडतात, रापले की मिरवतात. घ्या!)

सावळ्या चेहऱ्यावर पांढरट न दिसणारं, घामात टिकणारं सनस्क्रीन कोणतं? आणि सासूबाईंना न दुखवता कसं समजवावं? ट्यूब कुठंय, हे त्या रोज विचारतात.