स्प्लेंडरवर मोबाईल पक्का बसवायचा कसा? होल्डर टिकून नाही राहिला

रेतनसेवक, घाटंजी तालुका

नमस्कार मंडळी. मी खाजगीमधे गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनाचं काम करतो. गाडी स्प्लेंडर. मागच्या कॅरिअरवर वीर्य गोठवून ठेवायचा नायट्रोजनचा कॅन बांधलेला असते, त्यामुळे मागे बॅग-बिग ठेवायची सोय नाही. आमच्या कामात वेळ चुकवता येत नाही. सकाळी माजावर दिसलेली गाय संध्याकाळी भरायची, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी. फोन आला की निघावंच लागते. आणि आजकाल लोक पत्ता सांगत नाहीत, व्हॉट्सअॅपवर लोकेशन टाकून मोकळे होतात. कोणाची गाय गोठ्यात, कोणाची वावरात धुऱ्यावर बांधलेली. म्हणून नकाशा समोर पाहिजे.

होल्डर ऑनलाइन घेतला, स्प्रिंगचा, दोन बाजूंनी धरणारा. डांबरी रोडवर बरा चालते. पारव्याच्या बाजूला आतल्या गावात शिरलो की गड्ड्यागणिक आख्खा होल्डरच हँडलवर फिरून खाली तोंड करते. एकदा मोबाईल निसटून चाकोरीतल्या पाण्यात पडला. काळ्या मातीचा चिखल स्पीकरच्या जाळीतून काढता काढता नाकी नऊ आले.

दुसरी गोष्ट. याचा त्याच्याशी संबंध आहे की नाही माहीत नाही. मी जनावराच्या कानातल्या पिवळ्या टॅगचा फोटो काढून ठेवतो, १२ आकडी नंबर असते तो, आणि मग निवांत नोंद करतो. पण सध्या कॅमेरा जवळचं धरतच नाही, ३ आहे का ८ ते कळत नाही. फोन हलवला तर आतमधे टकटक वाजते.

हजाराच्या आत काही पक्का उपाय असेल तर सांगा. चार्जिंगचंही सांगा, दुपारपर्यंत बॅटरी बसते.

संत्रावाला, वरुड

भाऊ, हजार कायले घालवता? सायकलच्या जुन्या ट्यूबचे बोटभर रुंद दोन रिंग कापा अन् होल्डरसकट मोबाईलवर फुलीसारखे ताणून टाका. माझा असाच हाय, बगीच्यातल्या बांधावरून जातो तरी हलत नाही. फोन उचलायचा असला की जरा कुस्ती खेळावी लागते, तेवढं एक.

गॅरेजवाला, दारव्हा

वरुडवाल्या भाऊचा रबर मोबाईल धरून ठेवील, पण रेतनवाल्या भाऊचा मोबाईल आधी पडूनच नाही राहिला, होल्डर फिरून राहिला. ह्या दोन वेगळ्या बिमाऱ्या. माझ्याकडे पोरं येतात ते बी हेच करतात, मोबाईल धरणारा वरचा पंजा बदलतात अन् हँडल धरणारा खालचा क्लॅम्प तोच.

स्प्लेंडरच्या हँडलचा पाइप २२ मिलिमीटरचा. ऑनलाइन क्लॅम्प बनवणारे जाड पाइपालेही चालावा म्हणून मोठा बनवतात अन् उरलेली जागा भरायले एक रबराची पट्टी देतात. ती पट्टी आपल्या उन्हात एक उन्हाळा काढला की कडक होते. कडक झाली की पाइपावर घसरते. मंग माणूस बोल्ट आवळतो, आणखी आवळतो, अन् अॅल्युमिनियमचे आटे जातात. ती पट्टी फेका. बाइकच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घ्या, पाइपावरचं तेल-ग्रीस रॉकेल किंवा पेट्रोलनं पुसा, कोरडं होऊ द्या, एक वेढा मारा अन् मंग क्लॅम्प बसवा. एलन की (सहा कोनी वाकडी चावी) लहान टोकाकडून धरून बोटाच्या जोरानं आवळायचं, पाइप घालून नाही.

जागा कोणती? ग्रिपजवळ नको. हँडलच्या टोकाकडे थरथर जास्त, मधात कमी. म्हणून मधात जिथं हँडल टी-ले, म्हणजे शॉकपच्या वरच्या पट्टीले, बसते त्याच्या जेवढं जवळ जमेल तेवढं. अन् दांडी आखूड. लंबी दांडी, तिच्यावर गोळा, गोळ्यावर पंजा, पंज्यात मोबाईल, हे सगळं मिळून गड्ड्यात झोका खाते अन् सगळा जोर त्या एका क्लॅम्पवर येते. बसवून झालं की गाडी उभी ठेवून हँडल दोन्ही बाजूनं पूर्ण फिरवून पाहा. क्लचची अन् अॅक्सिलेटरची केबल कुठं दाबून नाही राहिली न, हे मोबाईलपेक्षा महत्त्वाचं हाय.

होल्डर स्प्रिंगचा घेऊच नका. स्प्रिंग जशी हातानं उघडते तशी गड्ड्यानंही उघडते. मागून स्क्रू फिरवून चारही कोपरे आवळणारा पंजा येते, तो घ्या, धातूचा. चुंबकवाला तं पांदणीसाठी नाहीच. पंज्याचं बोट पॉवर बटणावर येत नाही न, तेही पाहून घ्या. पुष्कळ मोबाईलमधे ते बटण पाच वेळा दाबलं गेलं की सीधा इमर्जन्सीले फोन लागते. एका गिऱ्हाईकाची गाडी उभी असतानाच लागला होता, समोरच्या बाईले काय सांगावं ते त्याले सुचेना.

बोल्ट थरथरीनं ढिले होतात. नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेला, ढिला न होणारा) लागत असंल तं लावा, हार्डवेअरच्या दुकानात भेटते. आट्यांले लावायचं चिकट औषध लॉकटाइट २४३ म्हणजे निळं, ते धातूच्या बोल्टले चालते, पण प्लास्टिकच्या होल्डरले लावू नका. काही प्लास्टिक त्यानं तडकते.

आता कॅमेरा. तुमचा मोबाईल कोणता ते सांगा. 'हलत्या हातानं फोटो स्थिर' अशी जाहिरात असलेल्या मोबाईलमधे भिंग बारीक स्प्रिंगांवर तरंगते, लोहचुंबक अन् कॉइल त्याले हलवतात. सिंगल सिलिंडर इंजिन मिनिटाले ५००० फेऱ्या धरल्या तं सेकंदाले ८३ फेऱ्या मारते, अन् प्रत्येक फेरीचा दणका हँडलमधून त्या भिंगापर्यंत जाते. अॅपलनं २०२१ मधे स्वतःच लिहून दिलं की मोठ्या ताकदीच्या मोटरसायकलच्या थरथरीनं त्यांचे कॅमेरे खराब होऊ शकतात, अन् मोपेड-स्कूटरवर लावायचा असंल तं थरथर खाणारा माउंट लावा, तरी लंबे दिवस रोज लावू नका. स्प्लेंडर काही मोठ्या ताकदीची गाडी नाही, पण तुमचा मोबाईल तिच्यावर सकाळपासून रात्रीपर्यंत असते.

म्हणून क्लॅम्प अन् पंज्याच्या मधात रबराचा डॅम्पर टाका. वेगळा भेटते, काही होल्डरमधे आधीच असते. तो टाकला की मोबाईल जरा डुलल्यासारखा दिसते, लोक म्हणतात ढिला झाला अन् आवळून टाकतात. ते डुलणंच कामाचं हाय.

अन् राग नका मानू, पण पहिले गाडी दाखवा कोणाले. कोनसेट (हँडलच्या मुळातलं बेअरिंग) ढिला असंल, पुढच्या शॉकपमधलं तेल संपलं असंल, टायरमधे हवा दगडासारखी भरली असंल, तं कितीही महागाचा होल्डर लावा, काही उपयोग नाही. पुढचा ब्रेक दाबून गाडी मागेपुढे हलवा. हँडलच्या मुळाशी कटकट लागली तं तिथं सुरुवात करा.

रेतनसेवक, घाटंजी तालुका

गॅरेजवाले दादा, हाताला कटकट लागते. लागतेच. आणि हो, मोबाईलच्या खोक्यावर ते स्थिर फोटोचं छापलेलं आहे. म्हणजे गेलाच का कॅमेरा?

मास्तर, अहेरी

टकटक वाजते म्हणून लगेच गेला असं समजू नका. अशा मोबाईलचं भिंग कॅमेरा बंद असताना मोकळं असतं, नवा फोन हलवला तरी थोडा आवाज येतो. कॅमेरा चालू करून बघा. चित्र स्क्रीनवर आपोआप थरथरत असेल किंवा घूं-घूं आवाज येत असेल तर मात्र बिघाड आहे. तसं नसेल तर मोबाईल जनावराच्या कानापासून हातभर लांब घ्या आणि दुप्पट झूम करून टॅगचा फोटो काढा. बऱ्याच नव्या मोबाईलचा मुख्य कॅमेरा फार जवळचं धरतच नाही, त्यात गायही कान हलवत असते. आणि आधी भिंगावरची काच पुसा. चिखलातून निघालेला फोन आहे तो.

कायद्याचंही सांगून ठेवतो, कारण आलापल्लीकडे जाताना कोणीतरी अडवलं की लोक वाद घालत बसतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये गाडी चालवताना मोबाईल हातात धरून वापरणं स्पष्टपणे आलं आहे, पहिल्या वेळेला दंड १००० ते ५००० रुपये, आणि कैदेचीही तरतूद आहे. ऑक्टोबर २०२० पासून नियमात रस्ता पाहण्यापुरती सूट आहे, तीही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. होल्डरवर नकाशा ठीक. होल्डरवर रील बघणाऱ्यांबद्दल मी शाळेत रोज बोलतो, इथे नाही बोलत.

ग्रामसेविका, लाखनी

माझी स्कूटी आहे, हँडल सगळं प्लास्टिकने झाकलेलं, क्लॅम्प लावायला पाइपच दिसत नाही. आरशाच्या दांडीवर लावला तर आरसाच फिरतो. काय करू?

गॅरेजवाला, दारव्हा

ताई, आरशाच्या दांडीवर क्लॅम्प नका लावू. आरशाच्या बुडात बसणारी पट्टी येते, १० मिलिमीटरच्या भोकाची. आरसा खोलायचा, पट्टी टाकायची, वरून आरसा परत बसवायचा. आरसा फिरते कारण दांडीले जागेवर धरणारा खालचा चेकनट कोणी आवळतच नाही. एका पान्यानं दांडी धरायची, दुसऱ्यानं चेकनट. कोणत्याही दुकानात दोन मिनिटाचं काम हाय, पैसे मागितले तं भांडा. फक्त पुष्कळशा यामाहा गाड्यांच्या उजव्या आरशाचे आटे उलटे असतात, जोर लावायच्या आधी तेवढं पाहून घ्या.

रेतनवाले भाऊ, चार्जिंगचं राहिलं. २०२० नंतरची इंजेक्शनवाली गाडी असंल तं हेडलाइटच्या वायरले चीर मारून चार्जर जोडू नका, कोणी कितीही म्हणलं तरी. चावी चालू केल्यावरच करंट येईल अशी लाइन अन् मधात २ अँपिअरचा फ्यूज, असं करणारा वायरमन असंल तं करून घ्या. नाही तं खिशात पॉवर बँक. मी तं पॉवर बँकच सांगतो. पाण्यात वायर लावून ठेवायची नाही, मोबाईल वॉटरप्रूफ असला तरी.

पावसाळ्यात पारदर्शक पाकीट चालते. उन्हाळ्यात त्या पाकिटात मोबाईल शिजते. अॅपलवाले ३५ डिग्रीपर्यंत वापरा म्हणतात, अन् आपल्याकडे मे महिन्यात ४५ जाते. स्क्रीन आपोआप काळी पडली तं मोबाईल बिघडला नाही, तापला. सावलीत थांबा, नायट्रोजनच्या कॅनवर ठेवू नका.

रेतनसेवक, घाटंजी तालुका

कॅनवर ठेवायचा विचार आलाच होता दादा, खोटं कशाला बोलू. आतमधे उणे १९६ असते, म्हटलं गारवा भेटेल.

मास्तरांनी सांगितलं तसा लांबून फोटो काढला, नंबर वाचता येऊन राहिला. चित्र थोडं थरथरते पण. कोनसेट उद्या पाहून घेतो. पंजावाला होल्डर आणि डॅम्पर दोन्ही हजारात बसतील का?

गॅरेजवाला, दारव्हा

साधे घेतले तं बसतील. नावाजलेल्या विदेशी कंपनीचे घेतले तं नाही, त्यांचा नुसता डॅम्परच तुमचं बजेट खाईल. कमी पडले तं पंजा साधा घ्या पण डॅम्पर सोडू नका, तुमची रोजी त्या कॅमेऱ्यावर हाय. मोबाईलच्या कव्हरच्या भोकातून एक दोरी ओवून हँडलले बांधा, वीतभरच ठेवा, लंबी ठेवली तं पुढच्या चाकात जाईल. अन् पांदण लागली की मोबाईल काढून वरच्या खिशात, बटन लावून. तिथून पुढं गूगलले बी रस्ता माहीत नसते, ज्याची गाय हाय त्यालेच फोन करून लिंबाचं झाड विचारा.