मदत हवी: अँटिबॉडी लेश्मानियाच्या पृष्ठभागावर चिकटते, पण रेणू कोणता?

नमस्कार मंडळी,

लेश्मानिया मेजर या परजीवीच्या प्रोमॅस्टिगोटवर, म्हणजे वाळूमाशीच्या आतड्यातल्या शेपटीवाल्या रूपावर, काम करतेय. अख्खे परजीवी उंदरांना टोचून हायब्रिडोमा (अँटिबॉडी बनवत राहणाऱ्या संकरित पेशी) केले, त्यातला एक क्लोन फार छान निघाला. जिवंत पेशी बर्फावर ठेवून, डिटर्जंट न वापरता फ्लुरोसन्स केला की सगळी कडा शेपटीच्या टोकापर्यंत हिरवीगार उजळते. सोबत लावलेली ट्युब्युलिनची अँटिबॉडी मात्र अजिबात दिसत नाही. ट्युब्युलिन पटलाच्या लगेच आत असतं, म्हणजे पटल शाबूत आहे आणि आपला रेणू बाहेरच आहे.

अडतंय पुढे. वेस्टर्न ब्लॉटवर (रेणू आकारानुसार वेगळे करून अँटिबॉडीने शोधायची पद्धत) बँडच येत नाही, नुसता लांबलचक डाग. जीपी६३ हे पृष्ठभागावरचं प्रथिन असेल अशी आशा होती, पण ६३ किलोडाल्टनपाशी वेगळं काही नाही. अँटिबॉडीला धरणाऱ्या प्रोटीन ए च्या मण्यांवर ओढून काढायला गेले तर हाती काही लागलं नाही. लोड कमी केला, ब्लॉकिंग बदललं, डाग तसाच. रेणू ओळखायला मास स्पेक्ट्रोमेट्रीला पाठवू तरी काय?

प्रतिसाद १
तुम्ही प्रथिन शोधताय, पण अँटिबॉडी बहुतेक साखर ओळखतेय. माझा संशय लिपोफॉस्फोग्लायकनवर, म्हणजे परजीवीच्या पृष्ठभागावरच्या साखरेच्या लांब साखळीवर. त्यात गॅलॅक्टोज-मॅनोज-फॉस्फेटची कडी पुन्हा पुन्हा जोडलेली असते आणि साखळीची लांबी प्रत्येक रेणूत वेगळी, मग एक बँड कुठून येणार?

लायसेट (फोडलेल्या पेशींचा अर्क) प्रोटिनेज के या प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमने पचवून पुन्हा ब्लॉट करा. डाग टिकला तर बहुधा प्रथिन नाही. दुसऱ्या पट्टीवर अंधारात साखर तोडणारं सोडियम पेरआयोडेट लावा. डाग गेला तर साखर. नाही गेला तरी साखर बाद करू नका, काही जोडण्या पेरआयोडेटला दाद देत नाहीत.

आणि आयसोटाइप, म्हणजे अँटिबॉडीचा वर्ग, कोणता? आयजीएम वर्ग प्रोटीन ए ला नीट चिकटत नाही, आणि साखरेविरुद्धच्या अँटिबॉडी बऱ्याचदा आयजीएमच निघतात.

धागाकर्ती
नोंदवहीत पाहिलं, आयजीएमच आहे! खूप आभार, दोन्ही पट्ट्या लावते. आणखी एक: जुन्या कल्चरमधल्या बऱ्याच पेशी फिक्या दिसतात. तेही यामुळेच?

प्रतिसाद २
शक्य आहे. मेजरमध्ये मेटासायक्लिक, म्हणजे संसर्गक्षम, होताना साखळी लांबते आणि बाजूच्या फांद्यांच्या टोकाची साखर बदलते. तुमची अँटिबॉडी त्या फांदीला धरत असेल तर चमक उतरणारच. शेंगदाण्याच्या लेक्टिनने (साखरेला चिकटणाऱ्या प्रथिनाने) पेशी वेगळ्या करा: संसर्ग न करणाऱ्या एकमेकींना चिकटून गोळा होतात, मेटासायक्लिक सुट्या राहतात. मग दोन्ही गट फ्लो सायटोमेट्रीवर (एकेका पेशीची चमक मोजायची पद्धत) शेजारी शेजारी चालवा आणि आयसोटाइप कंट्रोलही (तुलनेसाठीची, या रेणूला न धरणारी अँटिबॉडी) आयजीएमचाच घ्या.